गृहपाल आहे, पालक कुठे आहे?

दिवाळीच्या आगेमागे शहागडच्या गोदावरी पुलावर तासभर उभे राहून पाहा. धुळे-सोलापूर महामार्गावरून ट्रक आणि ट्रॅक्टर जात असतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. अंबड-घनसावंगीतून, नदीपलीकडच्या गेवराईतून कोयते निघालेले असतात. अंकुशनगरचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, तरी मुकादमाची उचल घेतलेला मजूर तो सांगेल तिथे जातो, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणजे जाताना आई आणि बाप दोघेही जातात. मागे राहिलेल्या लेकराने पाच-सहा महिने कोणाकडे पाहायचे?

हाच प्रश्न एकेकाळी दुसऱ्या एका समाजालाही पडला होता. भारतात आलेल्या गोऱ्या मिशनऱ्यांनाही कामासाठी लेकरांपासून दूर राहावे लागे. आधी ते मुलांना बोटीने मायदेशी धाडत आणि वर्षानुवर्षे त्यांचे तोंड पाहत नसत. मग त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी शाळा उभ्या केल्या. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ची. कोडाईकॅनॉलची शाळा १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झाली, तेव्हा तिथे जेमतेम १३ मुले होती. या शाळांत पुढे एक पद्धत रुजली, 'डॉर्म पेरेंट्स'ची. शिकवणारे शिक्षक वेगळे. वसतिगृहात मुलांबरोबर राहणारे जोडपे वेगळे. रात्री ताप आला तर उठणारे, घरी पत्र लिहायला बसवणारे, वाढदिवस लक्षात ठेवणारे. पुष्कळदा ते स्वतः मिशनरीच असत आणि पालकपण हेच त्यांचे नेमून दिलेले काम असे. वुडस्टॉकची मोठी सुट्टी तेव्हा हिवाळ्यात असे. म्हणजे मिशनऱ्याचे मूल हिवाळ्यात आईबापाकडे यायचे. आमच्या शहागडच्या पोराचे आईबाप नेमके हिवाळ्यातच निघून जातात.

कोणी म्हणेल, आंबेडकरी माणसांनी मिशनऱ्यांचे गोडवे कशाला गायचे? आम्ही गात नाही. त्या डोंगरावरच्या शाळा उष्म्यापासून आणि पटकीपासून दूर होत्या, तशाच आपल्या वस्त्यांपासूनही दूर होत्या. आपल्याच जालन्याचे उदाहरण घ्या. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी जालन्याजवळ सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिथे आलेले बहुतेक लोक मांग-महार. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचे गाव मिळाले, शाळा मिळाली, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. पण मिशनऱ्याच्या लेकरासाठी डोंगरावरची थंड हवा आणि नेमलेले पालक, तर बाटलेल्या मांगाच्या लेकरासाठी मैदानातले बोर्डिंग, ही दोन मापे होतीच.

आपल्याकडे हे पालकपण कोणी निभावले? १८७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांची सोय केली, तेव्हा सावित्रीमाई उभ्या राहिल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले, त्याची जबाबदारी जिवाप्पा ऐदाळे यांनी वाहिली. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशी पाच वसतिगृहे या संस्थेकडे आली. धारवाडला बळवंतराव वराळे होते.

रमाईंचा धारवाडचा प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. तो वराळे यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आला. हवापालटासाठी गेलेल्या रमाईंना वसतिगृहातली मुले उपाशी दिसली. सरकारी अनुदान वेळेवर आले नव्हते, दुकानदार उधार देत नव्हता. रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि चूल पेटली. ७ फेब्रुवारीला आणि २७ मेला आपण हा प्रसंग सांगतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

पण त्या गोष्टीत बांगड्यांच्या आधीचे एक वाक्य आहे, ते आपण वगळतो. अनुदान वेळेवर आले नव्हते! रमाईंना बांगड्या का काढाव्या लागल्या, हे आपण विचारतच नाही. मिशनच्या शाळेतल्या जोडप्याला पोरांसाठी दागिना मोडावा लागत नसे, कारण पालकपणाचा खर्च मिशनच्या हिशोबात धरलेला होता. आपण मात्र त्यागाची आरती करत बसलो आणि हिशोब मागायचे विसरलो.

२०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० मुले. योजना चांगलीच आहे, तिला आमचा विरोध नाही. प्रश्न रात्रीचा आहे. आमच्यातले काही जण शिकताना एका वसतिगृहात राहिले. तिथे गृहपाल होते, हजेरीवही होती, दारावर वॉचमन होता. संध्याकाळी सहानंतर गृहपाल आपल्या घरी. आमच्यातल्या एकाला रात्री कावीळ चढली, तेव्हा दहावीच्या पोरांनी त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेले. आई हंगामावर होती. तिला निरोप आठ दिवसांनी मुकादमामार्फत कळला.

यंदा गाड्या निघायच्या आत अंबड तालुक्यातल्या वसतिगृहांत आम्ही जाणार आहोत. शहागड, घनसावंगी, गेवराईच्या भीमसैनिकांनीही यावे. इमारतीचा रंग आणि उद्घाटनाची पाटी पाहू नका. रात्री आत कोण झोपते ते विचारा. मुलींच्या वसतिगृहात मुक्कामी बाई आहे का? गेल्या हंगामात भोजनाचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले? फडावरच्या कोपीत असलेल्या आईशी बोलायला मुलाला आठवड्यातून किती वेळा फोन मिळतो? उत्तरे लेखी घ्या, तारखेसह. ७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात भाषणांच्या आधी ती वाचून दाखवू.

जय भीम!