शस्त्रक्रियेनंतरचीं वर्षें

रत्नागिरीचा रोगी मुंबईस जाऊन पोटांतील गांठ काढून घेई आणि आगबोटीनें परत येई, तेव्हां बंदरावर उतरवून घ्यावयास आलेल्या मंडळींच्या मनांत एकच प्रश्न असे : आतां पुढें किती वर्षें? त्याचें उत्तर जोश्याच्या पंचांगांत नव्हतें. वैद्यकानें तें मोठ्या कष्टानें, आणि बरेंचसें मेलेल्यांच्या हिशेबांतून, मिळविलें आहे.

२९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यानें ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगानें ग्रासलेला भाग कापून काढला व उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. बाई वांचली; बिलरोथची कीर्ति सर्वत्र झाली. परंतु रोग पसरून सुमारें चार महिन्यांनीं ती वारली. शस्त्रक्रिया साधली आणि रोगी गेला, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या ठरल्या. बिलरोथचा खरा मोठेपणा निराळाच आहे. आपल्या हातून झालेल्या यशाबरोबर अपयशही छापून टाकण्याची शिस्त त्यानें त्यापूर्वींच अंगीं बाणविली होती. असा प्रामाणिकपणा शल्यवैद्यांतच काय, कोणत्याही धंद्यांत विरळा!

या हिशेबास रेखीव रूप १९३२ सालीं आलें. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील कथबर्ट ड्यूक्स हा शस्त्र चालविणारा नव्हता. कापून काढलेलें आंतडें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणारा होता. रोग गुदाशयाच्या भिंतींतच आहे, भिंतीबाहेर गेला आहे, कीं लसिकाग्रंथींत शिरला आहे, अशा तीन पायऱ्या त्यानें पाडल्या आणि त्यांवरून रोग्याचें पुढें काय होतें हें ताडून दाखविलें.

मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनीं वाहिली. तथापि सूक्ष्मदर्शक अर्धेंच काम करतो. उरलेलें अर्धें टपालवाल्याचें! गांवीं परतलेला रोगी हयात आहे कीं नाहीं हें कळल्यावांचून आंकडा पुरा होत नाहीं, आणि पावसाळ्यांत बोटी बंद पडणाऱ्या कोंकणांतून तें कळावें कसें? १९६३ सालीं मुंबईंत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, ती शहरापुरती. १९८७ सालीं बार्शीस खेड्यांसाठीं नोंदणी निघाली, तेव्हां कार्यकर्तेच गांवोगांव हिंडूं लागले.

जठराच्या भिंतींत होणारी एक गांठ पूर्वीं स्नायूंची समजत. १९९८ सालीं जपानी संशोधकांनीं तिच्या मुळाशीं असलेला जनुकदोष दाखविला. ती काढल्यावर भवितव्य पाहावयाचें तें गांठीच्या आकारावरून, विभागणाऱ्या पेशींच्या संख्येवरून, जागेवरून (जठरांतली त्यांतल्या त्यांत बरी, लहान आंतड्यांतली अधिक धोक्याची) आणि ती पोटांत फुटली होती काय यावरून. असें कोष्टक समूहाचें असतें. समोर बसलेल्या एकट्याचें वर्ष त्यांत लिहिलेलें नसतें. शिवाय २००२ सालीं इमॅटिनिब या औषधास अमेरिकेंत या गांठीवर मान्यता मिळाली आणि जुन्या आंकड्यांची मांडणी नव्यानें करावी लागली. त्यासाठींही गांवीं परतलेल्या रोग्याची खुशाली पुन्हां विचारावी लागलीच.