गोटुलाचे छप्पर आणि सरकारी दुरुस्ती

सूरजागडच्या डोंगराभोवतालच्या माडिया गावांत सार्वजनिक म्हणावी अशी वास्तू पूर्वी एकच असे, आणि ती म्हणजे गोटुल. व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ च्या ग्रंथामुळे शेजारच्या बस्तरातील मुरियांच्या गोटुलाची कीर्ती सातासमुद्रापार गेली खरी. पण त्या कीर्तीत तरुण-तरुणींच्या सहवासाविषयीचे कुतूहलच फार, छपराकडे पाहायला सवड कोणाला! माडियांकडे मात्र अविवाहित मुलांचे निजण्याचे ठिकाण, पंचांची बैठक, परगावच्या पाहुण्याचा मुक्काम आणि अवेळी आलेल्या पावसात सापडलेल्या वाटसरूचा आसरा, ही सर्व कामे या एकाच छपराखाली चालत. जंगलातील लाकडाचे खांब जमिनीत खोल पुरलेले, आढ्यावरून दोन्ही अंगांनी उतरत आलेले वासे, बांबूच्या कमच्यांचा कूड, वर गवताची दाट शाकारणी आणि वाकूनच आत शिरावे इतकी खाली आलेली वळचण, अशी ही रचना वाऱ्याला छाती दाखवीत नसे, अंग चोरून त्याला वाट देई. आणि शाकारणी फार टिकणारी नसल्यामुळे गावाला ती वेळोवेळी एकत्र येऊन उतरवावी व पुन्हा चढवावी लागे, तेव्हा कुजलेला वासा आपोआपच उजेडात येई.

हा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत होता, आणि ती जमीनदारी अडीच हजारांहून अधिक चौरस मैलांची. १९५१ मध्ये मध्यप्रदेशात जमीनदाऱ्या खालसा झाल्या, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. या स्थित्यंतरांबरोबर शाळा, आश्रमशाळा, दवाखाना, ग्रामपंचायतीचे कार्यालय अशा इमारती खेडोपाडी उभ्या राहिल्या, आणि कालांतराने गवताची व कवेलूची जागा पत्र्याने घेतली.

पत्रा टिकाऊ खरा, परंतु त्याचा वाऱ्याशी व्यवहार निराळा आहे. वारा छपरास दाबतो अशी आपली समजूत असते. वास्तविक उताराच्या छपरावरून वेगाने जाताना तो त्यास बहुधा वर ओढतो, आणि ही ओढ कडांशी व कोपऱ्यांशी सर्वाधिक असते, म्हणून एका कोपऱ्याचा आकडा सैल झाला की पत्रा तेथून उचलला जातो, आत शिरलेला वारा खालून रेटा देतो, आणि पुढचे पत्रे एकामागून एक सुटू लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे वाळत पडलेले असतात आणि बायामाणसे उघड्यावर असतात. नेमक्या त्याच हंगामात वळीव विजांसह कोसळतो. गवताचे छप्पर उडाले तर गवतच उडते. उडालेला पत्रा मात्र माणसाचा जीव घेऊ शकतो.

आता शास्त्राकडे वळू. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये सिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. पण ती शिफारशीच्या स्वरूपाची असून, धोकादायक ठरल्याखेरीज जुन्या मंजूर इमारतीत फेरफार करण्याची सक्ती ती करीत नाही. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकाने, म्हणजे ८७५ क्रमांकाच्या मानकाच्या तिसऱ्या भागाने, २०१५ च्या आवृत्तीत वादळनिवारे, रुग्णालये व शाळा यांसाठी वाऱ्याचा हिशेबी वेग तीस टक्क्यांनी वाढवून धरावयास सांगितले. तरतूद उत्तम, परंतु ती चक्रीवादळाच्या किनारपट्टीपुरती, समुद्रापासून साधारण साठ किलोमीटरांच्या आतल्या मुलुखासाठी! बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भावर येतात, पण सूरजागडची शाळा त्या साठ किलोमीटरांच्या पुष्कळच पलीकडे पडते. अमेरिकेत २०१५ च्या आदर्श संहितेने ताशी २५० मैलांच्या वाऱ्याचे भय असलेल्या टापूत नव्या शाळेला वादळनिवारा बंधनकारक केला. पुढे जुन्या शाळेला नवी जोडइमारत बांधतानाही निवाऱ्याचा प्रश्न विचारण्याचा पायंडा तेथे पडला. आपल्याकडील दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी, फरशी आणि पत्रे यांची कलमे सुखाने बसतात; या छताखाली वादळात गाव बसेल काय, हा प्रश्न कोणत्याच कलमात बसत नाही, आणि माझ्या मते खरी उणीव निधीपेक्षा याच प्रश्नाची आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ज्या तेरा सुविधांसाठी देता येते, त्यांत शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, रास्त भावाचे दुकानही आहे. वादळनिवाऱ्याचे नाव नाही. यादीच्या अखेरीस मात्र समाजकेंद्र आहे. गोटुल म्हणजे दुसरे काय होते? तेव्हा निवाऱ्यासाठी नवी कायदेशीर सोय शोधण्याची गरज नाही. समाजकेंद्राचा नकाशा मंजूर करतानाच वळचण किती पुढे काढावी, कडेचे पत्रे किती आकड्यांनी जखडावेत, वीजरोधक कोठे बसवावा आणि गावातली किती माणसे आत मावतील, हे त्याच कागदावर लिहून घेता येते.