प्राचीन इजिप्तमधील मांजर : गृहजीवन, देवत्व आणि नवस

‘प्राचीन इजिप्तमध्ये मांजराची पूजा होत असे’ हे विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. त्याला मुख्य आधार ग्रीक लेखकांचा आहे. घरातील मांजर मेल्यास घरची माणसे भुवया काढून टाकीत, असे हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात लिहिले. इ. स. पू. पहिल्या शतकात डायोडोरसने तर मांजर मारणाऱ्या एका रोमन माणसाला जमावाने ठार केल्याचे स्वतः पाहिले. कृत्य अनवधानाने घडले होते आणि राजाने अधिकारीही पाठविले होते. तरी तो वाचला नाही. याच काळातील पुरातत्त्वीय पुरावा मात्र निराळे चित्र उभे करतो.

मांजराचा प्रवेश प्रथम झाला तो घरात. धान्याच्या कोठारांमुळे उंदरांचा आणि त्यांच्या मागे सापांचा उपद्रव असणाऱ्या या कृषिप्रधान समाजात त्याची उपयुक्तता उघड होती. त्याचे इजिप्शियन नाव ‘मिऊ’ असे होते. मराठीतील ‘म्याऊ’शी त्याचे साम्य केवळ ध्वनीच्या अनुकरणातून आले आहे, हे सांगावयास नकोच. थीब्झ येथील नख्तच्या थडग्यातील चित्रात मांजर खुर्चीखाली बसून मासा खाताना दिसते. तिसऱ्या आमेनहोतेपचा पुत्र थुतमोस याने इ. स. पू. चौदाव्या शतकात आपल्या ‘ता-मिऊ’ या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करविली. तीवर ही मांजरी एखाद्या मृत मनुष्याप्रमाणे नैवेद्याच्या मेजासमोर बसलेली आहे. येथे जिव्हाळा स्पष्ट आहे, पण याला पूजा म्हणता येत नाही.

धर्मात मांजराला स्थान मिळाले ते दैवताचे रूप म्हणून. ‘मृतांचा ग्रंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेच्या सतराव्या अध्यायात सूर्यदेव रा मांजराच्या रूपाने शत्रूंचा नाश करतो. बास्टेट देवी मुळात सिंहीण-मुखी होती; इ. स. पू. पहिल्या सहस्रकात तिचे मांजरमुखी रूप प्रचलित झाले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुबास्टिस हे तिचे प्रमुख क्षेत्र. तेथील यात्रेस सात लाख लोक जमत, असा स्थानिकांचा दावा हिरोडोटसने नोंदविला आहे. आकडा अतिशयोक्त असला, तरी यात्रेच्या लोकप्रियतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

या यात्रांशी निगडित असलेली प्रथा मात्र ग्रीक वर्णनांत दिसत नाही. १८८८ मध्ये बेनी हसनजवळ मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा सापडला. १८९० मध्ये त्यांपैकी सुमारे १९ टन माल लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकण्यात आला. अंदाजे १,८०,००० मांजरांचा हा पुरावा अशा रीतीने शेतात मिसळला गेला, ही इतिहाससंशोधनाची न भरून येणारी हानी होय. ब्रिटिश म्युझियममधील ममींची क्ष-किरण तपासणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बहुतेक मांजरे एक वर्षाच्या आतील असून अनेकांच्या माना मोडलेल्या आढळल्या. याचा अर्थ असा की, ती देवालयांच्या आश्रयाने मुद्दाम वाढवून मारली जात आणि यात्रेकरू त्यांच्या ममी विकत घेऊन नवसापोटी देवीला अर्पण करीत. २०१५ मध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी तपासलेल्या आठशेंहून अधिक प्राणी-ममींपैकी जवळजवळ एकतृतीयांश ममींत प्राण्याचे अवशेषच नव्हते. होते ते चिखल, बोरू यांसारखे पदार्थ. याला फसवणूक म्हणण्याची घाई करू नये. पवित्र प्राण्यांच्या सहवासातील वस्तूही पवित्र मानली जात असावी.

मग मांजर मारणे हा देहान्त शिक्षेचा अपराध आणि तेच देवीला दिलेले दानही, हे कसे? भेद कृत्यात नसून अधिकारात होता. विधीने आणि देवालयाच्या कक्षेत झालेला वध प्राण्याला देवीकडे पाठवीत असे. रस्त्यावरचा वध देवीचा अवमान ठरे. शिवाय प्राणिपूजेला आलेला बहर मुख्यत्वे पर्शियन आणि ग्रीक राजवटींच्या काळातील आहे. परक्यांच्या सत्तेखाली हे आचार स्वत्वाची खूण बनले असल्यास नवल नाही. डायोडोरसने सांगितलेली घटनाही याच दृष्टीने वाचावी लागते. टॉलेमी राजाला रोमने अद्याप ‘मित्र’ ही पदवी दिलेली नव्हती आणि रोमन पाहुण्यांची मर्जी राखण्यासाठी सारा दरबार झटत होता. जमावाने नेमका त्याच वेळी एका रोमनाचा बळी घेतला.