धोट्याला हात कुणी लावायचा?

गिरणीतलं काम कुणी शाळेत शिकून येत नव्हतं. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढं कितीतरी वर्षं शिकण्याची रीत एकच. गावाकडचा माणूस यायचा, भावकीतल्या कुणाच्या तरी साच्याशेजारी उभा राहायचा, बघायचा, तुटलेला धागा सांधायचा आणि मग बदलीत लागायचा. कुणाला उभं करायचं हे जॉबर ठरवायचा, आणि तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं आणायचा.

आपले आजे-पणजे मग कुठं होते? रिंगखात्यात. साचेखात्यात विणकराला पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. कारण सांगत ते असं : कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक तोंडानं ओढून भोकातून बाहेर काढायचं. महाराच्या थुंकीचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? एकाच युनियनचे, एकाच मोर्चातले हे भाऊ!

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मागा, नाहीतर आमच्या माणसांना संपात उतरू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजानं मागणी घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल, पण तो आमचा नव्हे. मालकाला विटाळाशी देणंघेणं नव्हतं. विटाळ पाळणारा कामगारच होता.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी तेच दुखणं मांडलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. वर्कशॉपात गेला तरी कुली, मेकॅनिक क्वचित. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी तिथंच बजावलं.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. कसब अंगात जन्मत नाही. ज्याच्याजवळ ते आहे त्याच्या शेजारी उभं राहायला मिळालं तरच ते येतं. आपल्याला त्या जागेवरून हाकललं, आणि मग म्हणाले, ह्यांना येत नाही. अडवणाऱ्यानंच अडाणी ठरवलं.

१९६१ साली ॲप्रेंटिस कायदा आला. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा यायला १९७३ उजाडलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. साचे भंगारात गेले, पण शिकवण्याची ती जुनी रीत साच्यांबरोबर गेली असं समजू नका.

म्हणून कारखान्यात, वर्कशॉपात जाल तिथं नुसतं पगारपत्रक मागू नका. कोणत्या खात्यात कोण आहे, मशीनवर कुणाला उभं करतात, झाडू कुणाच्या हातात देतात, ॲप्रेंटिसच्या राखीव जागा भरल्या का, हे नावानिशी लिहून काढा. साहेब म्हणाला, "तुमच्या पोरांना अनुभव नाही," तर विचारा : शिकायला उभं कुणी केलं नाही?