सहा बटणांचे द्वंद्व, दोन बटणांवर

रूपांतर म्हटले की आपल्या वाचकांना देवलांचा ‘झुंझारराव’ आठवेल. शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ १८९० मध्ये मराठी रंगभूमीवर आणताना काय राखावे आणि काय सोडावे, हे देवलांना ठरवावे लागले असणार. पुढे शंभर वर्षांनी हाच प्रश्न जपानी खेळयंत्रांच्या व्यवसायात उभा राहिला. विषय वाङ्मयाचा नसला तरी रूपांतराचा आहे, म्हणून या पानांत त्याला थोडी जागा मागतो.

ओसाका येथील कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९१ मध्ये आला. नाणे टाकून उभ्याने खेळायचे ते मोठे यंत्र. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला सहा बटणे. तीन ठोशांची, तीन लाथांची, आणि प्रत्येकी हलका, मध्यम व जोरकस असे प्रकार. पाहणाऱ्याला ही नुसती हाणामारी वाटते. खेळणाऱ्याला मात्र ठाऊक असते की सारा डाव अंतराचा आणि क्षणाचा आहे. हलका प्रहार लवकर पोहोचतो पण जवळच. जोरकस प्रहार दूर जातो, पण फसला तर सावरायला वेळ लागतो.

या सहा बटणांमागेही एक कथा आहे. १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये काही यंत्रांना दोनच मोठ्या दाबपट्ट्या होत्या, जितक्या जोराने हात मारावा तितका प्रहार जबर. हा प्रकार टिकला नाही आणि त्याची जागा सहा बटणांनी घेतली.

आता निंतेंदोच्या ‘गेम बॉय’कडे वळू. १९८९ मध्ये निघालेले हे खिशातले यंत्र. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ चित्रबिंदू, तर मूळ यंत्राच्या पडद्यावर ३८४ आणि २२४. म्हणजे चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक जागा. छटा चार, खेळण्याची बटणे दोन. पडदाही मंद, आकृती वेगाने हलली की मागे तिची सावली रेंगाळे. याच यंत्रावर १९९५ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ उतरला. सहा प्रहारांसाठी उपाय निघाला तो असा : बटण जितका वेळ दाबून धरावे तितका प्रहार जोराचा. १९८७ ची टाकून दिलेली कल्पना, वेष बदलून, मागल्या दाराने परत आली. फरक इतकाच की तेव्हा बळ मोजले जाई, आता वेळ. आणि जिथे सेकंदाच्या साठाव्या भागाला किंमत आहे, तिथे जोर दाखवण्यासाठीच वेळ खर्च करायला लावणे ही मोठीच तडजोड म्हणावी लागेल.

मूळ खेळात चार म्होरक्यांसह बारा योद्धे होते. गेम बॉयवर नऊच आले. गाळलेले तिघे म्हणजे जपानचा सुमो मल्ल होंडा, स्पेनचा मुखवटाधारी आणि भारताचा योगी धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून अग्नी, पाठीमागे हत्तींची रांग. भारताचे हे चित्र विदेशी कल्पनेतले, भडक आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे मला वाटत नाही. तरीही खेळाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. त्याचे हातपाय रबरासारखे लांबत. दूर उभे राहून लढणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणीच दाखवत नसे.

त्याला वगळण्यामागची अडचण यंत्राच्या रचनेवरून ताडता येते. गेम बॉयची हलती आकृती आठ बिंदू रुंदीच्या तुकड्यांची बनते आणि एका आडव्या रेषेत असे दहाच तुकडे दिसू शकतात. म्हणजे ऐंशी बिंदू, तेही दोन लढवय्यांत वाटून घ्यायचे. त्यात एकाने हात पसरला तर दुसऱ्याचे अंगच रेषेतून नाहीसे व्हायचे!

दुसरी वाट ताकारा या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने धरली. १९९४ पासून एसएनके कंपनीचे द्वंद्वखेळ गेम बॉयवर आणताना तिने योद्ध्यांची अंगे आखूड आणि डोकी मोठी केली. दिसायला पोरकट, पण ठेंगण्या आकृतींमुळे दोघांच्या मधली मोकळी जागा शिल्लक राहिली. ज्यांनी रूप सोडले त्यांनी अंतर राखले. एसएनकेने स्वतःच्या ‘निओ जिओ पॉकेट’वरही १९९८ पासून हेच केले. तिच्या ‘किंग ऑफ फायटर्स’ला मुळात चारच बटणे होती, त्यामुळे दोनांवर येताना गमावायचे थोडेच होते. शिवाय टक्‌टक् वाजणारा छोटा दांडा त्या यंत्राला असल्याने अंगठ्याला मोठ्या यंत्राची आठवण राही. मला विचाराल तर त्या काळातले सर्वांत समजूतदार रूपांतर हेच.

पुढे २००१ मध्ये ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आला. पडदा २४० गुणिले १६०, बटणे चार, आणि आकृतीचा एकेक तुकडा चौसष्ट बिंदूंपर्यंत रुंद. त्यावर २००२ मध्ये इंग्लंडमधील क्रॉफिश या छोट्या कंपनीने ‘स्ट्रीट फायटर अल्फा ३’ उतरवला. संगीत आणि आवाज यांची काटछाट झाली, पण योद्धे गाळले नाहीत. उलट तीन नवे घातले. होंडा आला, मुखवटाधारी आला, आणि धालसिमही आपले लांब हात घेऊन आला. क्रॉफिश कंपनी मात्र त्याच वर्षी बंद पडली.