प्रतिबिंब-छायाचित्रण, प्रवाही जलातील

वाहत्या पाण्यात उमटणाऱ्या वृक्षप्रतिबिंबांचे छायाचित्र घेण्याची कला. महाबळेश्वरी उगम पावून वाई, संगम माहुली व कराडवरून सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडणारी आणि सांगलीनजीक मौजे हरिपूर येथे वारणेस भेटणारी कृष्णा पावसाळ्याचा गढूळपणा ओसरल्यावर या कलेस विशेष अनुकूल होते. लंबदिशेने पाहता पाणी सुमारे २ टक्केच प्रकाश परावर्तित करते. दृष्टी पृष्ठभागाशी समांतर होऊ लागता हे प्रमाण झपाट्याने वाढते, म्हणून घाटाच्या खालच्या पायरीवरून घेतलेले चित्र अधिक सतेज उतरते. प्रत्येक लहर हा एक कललेला आरसाच असल्याने खोडाचे प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते व खंडित होते. १/५०० सेकंदाच्या उद्भासनाने हे खंड स्थिरावतात, तर १/४ सेकंदाहून दीर्घ उद्भासनाने ते परस्परांत विरघळतात. प्रतिबिंब रेखीव हवे असल्यास फोकस जलपृष्ठावर नव्हे, तर कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत व तेथून वृक्षापर्यंतच्या एकूण अंतरावर साधावा लागतो. ध्रुवण-फिल्टर चुकीच्या दिशेने फिरविल्यास, विशेषतः पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन असता, प्रतिबिंब जवळजवळ लोपते. काठचा वृक्ष उन्हात व पाणी सावलीत असण्याची प्रातःकालीन वेळ सर्वोत्तम होय.