परभणीचे प्रबंध, हक्क कोणाचे?
परभणीत 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याचे ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण गावोगाव पोचले. विद्यार्थ्यांचे प्रबंध मात्र पुठ्ठ्याच्या बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘कृषिकोश’ या डिजिटल भांडारामुळे अशा प्रबंधांना वाट मिळाली. परिषदेच्या 2013 च्या मुक्त प्रवेश धोरणाने शोधनिबंधाची स्वीकृत प्रतही लेखकाने भांडारात ठेवावी असे ठरवले.

खरी मेख मात्र निबंध छापणाऱ्या प्रकाशकाशी होणाऱ्या करारात असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक हाच पहिला मालक. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन हा अपवाद. हक्क देण्यासाठी सहीचा लेखी करार लागतो आणि त्यात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रकाशकांचे छापील फॉर्म मात्र अनेकदा सगळेच हक्क मागतात, आणि निबंध स्वीकारल्याच्या आनंदात सही होऊन जाते. मग नियतकालिकाच्या मांडणीतली पीडीएफ भांडारात टाकता येत नाही. परीक्षकांच्या दुरुस्त्यांसह लेखकाने टाइप केलेली प्रत मात्र बरेच प्रकाशक चालवून घेतात, काही जण ठरावीक काळानंतर. ती ठेवण्याचा हक्क राखल्याचे एक वाक्य संशोधकाने सहीपूर्वीच करारात लिहून घ्यावे.